चारओळीवाले आणि डब्याची तार

काचेच्या बरण्या करणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्याला चारओळीवाले म्हणत. हे आपल्याला मानाने म्हणतात, अशी त्याची बरीच वर्षं समजूत होती.

नाव पडलं ते असं. बरणी साच्यातून निघते तेव्हा निखाऱ्यासारखी लाल असते. ती तशीच उघड्यावर ठेवली तर बाहेरून निवते आणि आतून धुमसत राहते. तो ताण काचेत कोंडून बसतो. वरून बघाल तर बरणी ठणठणीत, आणि मग एखाद्या दुपारी फडताळात, कुणी हातही लावलेला नसताना, तडकून दोन तुकडे. म्हणून तिला लगेच दुसऱ्या, लांबट भट्टीत ठेवतात आणि हळूहळू निववतात. किती हळू, हे काचेच्या जाडीवर ठरतं. तळ जाड, पोट पातळ, गळा त्याहून वेगळा. हा सगळा हिशोब करायला ऑफिसातल्या संगणकावर गणिताचं एक भलंमोठं सॉफ्टवेअर होतं, आणि त्यात आपल्या या माणसाने एक प्रोग्राम लिहिला होता. चार ओळींचा.

पहिली ओळ मोजलेल्या जाड्यांमधून एक गुळगुळीत रेघ काढायची. दुसरी समीकरण सोडवायची. तिसरी ताणाची बेरीज करायची, तीही अशी की अधेमधे एक कणसुद्धा सुटू नये. चौथी सांगायची की भट्टी आता किती अंशांवर आणा. कारखान्यात कुणीही पाहुणा आला की तो त्याला खुर्ची देऊन म्हणायचा, “बघा, चारच ओळी आहेत. लोकांना याला चारशे लागतात.” पाहुणा मान डोलवायचा आणि दाराकडे बघायचा.

खरं सांगायचं तर त्या चार ओळींत चार हत्ती होते. सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून तयार असलेली चार बलदंड फंक्शनं. समीकरण सोडव म्हटलं की ते सोडवून मोकळं. कसं सोडवलं हे विचारायची सोय नाही आणि याला गरजही वाटली नाही. हत्ती दुसऱ्याचे, अंकुश दुसऱ्याचा, मिशीला पीळ मात्र याचा. आणि मिशीसुद्धा नव्हती त्याला.

एके सकाळी मालकीणबाईंनी त्याला बोलावलं. कारखाना त्यांच्या वडिलांचा, आता त्यांचा. बोलणं थोडं आणि सरळ.

“चारओळीवाले, ते गणिताचं सॉफ्टवेअर महिनाअखेरीला बंद करतोय आपण. एकटे तुम्हीच वापरता, आणि दर वर्षी ते महाग होतंय. भट्टीपाशी तिची उष्णता सांभाळणारा तो छोटा डबा आहे ना, त्यात बसवा तुमचा प्रोग्राम.”

“बसवतो की. त्यात काय!”

“नाही बसला तर तसं सांगा. बाजारात तयार यंत्रणा मिळते. मग तुम्हाला पॅकिंगला घेऊ. तिकडे माणूस कमीच आहे.”

पॅकिंग हा शब्द त्या इतक्या प्रेमाने बोलल्या की त्याच्या अंगावर काटा आला. खोक्यात बरणी, बरणीभोवती पेंढा, पेंढ्यावर झाकण. उरलेलं आयुष्य.

पण घाबरायचं कारण नव्हतं. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक कंपायलर होता. ऐसपैस भाषेत लिहिलेला प्रोग्राम घ्यायचा आणि भट्टीजवळच्या डब्यासारख्या छोट्या यंत्राला कळेल अशा तोकड्या, चपळ भाषेत उतरवून द्यायचा, हे त्याचं काम. एकदा उतरवला की डबा आपल्या पायावर उभा. मग मूळ सॉफ्टवेअर असो वा नसो. निदान आपल्या माणसाने चहाच्या वेळी सगळ्यांना तसं समजावलं. ऐकणाऱ्यांनी बिस्किटं संपवली.

त्याच आठवड्यात घरातही एक उलाढाल झाली. तो आणि त्याची थोरली बहीण, असे दोघंच त्या घरात राहत. ताईची मुलगी, म्हणजे याची भाची, दुसऱ्या गावी असते; तिला बाळ झालं आणि ताईला तिकडे जायचं होतं. जायची ओढ तर डोळ्यांत दिसत होती, पण पाय निघत नव्हता.

“तू राहशील एकटा?”

“मी काय कुक्कुलं बाळ आहे?”

“बाळ असतास तर सोबत नेलं असतं,” ताई म्हणाली. “तू जो आहेस त्याचं काय करायचं ते सुचत नाहीये.”

“ताई, अगं जा तू. मला सगळं येतं.”

ताई गेली. स्टेशनवरून घरी येईपर्यंत त्याने तिला एकदाच फोन केला, कुलपाची किल्ली कुठली ते विचारायला.

इकडे कारखान्यात त्याने प्रोग्राम कंपायलरच्या हवाली केला. बटण दाबलं. पडद्यावर कुरबुरीचं एक अक्षर उमटलं नाही. इतकं सोपं निघेल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पण आपल्या चार ओळीच अशा बांधेसूद, की कंपायलरला नाव ठेवायला जागा सापडली नाही, असा त्याने अर्थ लावला. प्रोग्राम डब्यात चढवायला ऑफिसच्या संगणकापासून भट्टीपर्यंत एक लांब तार टाकली होती. डबा चालू केला आणि भट्टी शिस्तीत निवू लागली.

भट्टीवर एक फोरमनबाई होत्या. उंच, मनगटं जाड, आणि जिभेला धार लावलेली.

“हा डबा आता स्वयंभू आहे,” तो त्यांना म्हणाला.

“मग ही तार?”

“ती असू द्या. शोभेला.”

त्या दिवशी तो पहिल्यांदाच वेळेवर घरी निघाला. निघताना ताईची शिकवण त्याच्या हाताने आपोआप पाळली: दिवा बंद, पंखा बंद, खिडकी लावली, संगणक बंद. बाहेर ऊन कलत होतं. शिट्टी वाजवावीशी वाटली, पण ती येत नव्हती, म्हणून नुसता ओठांचा चंबू करून चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या दारातच त्याला आवाज आला. टक्. थोडं थांबून, टक्. मग दोनदा लागोपाठ. भट्टीचं दार उघडं होतं, बरण्या बाहेर काढून मांडल्या होत्या, आणि फोरमनबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

“या,” त्या म्हणाल्या. “सकाळपासून तुमच्या नावाने टाळ्या वाजतायत.”

त्याच्या डोळ्यांदेखत एका बरणीच्या तळापासून गळ्यापर्यंत केसासारखी रेघ सरसरत गेली. टक्. झालं असं होतं की संध्याकाळी तो गेल्यावर थोड्याच वेळात डबा गप्प झाला. त्याच्या पडद्यावर ‘उत्तराची वाट बघत आहे’ एवढंच होतं. डबा बराच वेळ बोलला नाही की भट्टी आपली आपण विझते, ही सुरक्षेची सोय. भट्टी विझली आणि बरण्या त्यांच्या मर्जीने भराभर निवल्या. ताण जिथल्या तिथे कोंडून.

“वीज गेली असेल,” तो म्हणाला.

“नाही गेली.”

“मग तार उंदराने कुरतडली असणार.”

फोरमनबाईंनी तार या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून सरकवत नेली. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. “आणि कुरतडली असती तरी काय झालं असतं? तार शोभेची होती ना?”

त्याने तोंड उघडलं, आणि मग नुसतीच जांभई आल्यासारखं केलं.

मालकीणबाई आल्या. खाली वाकून त्यांनी काचेचा एक तुकडा उचलला, उजेडात धरून बघितला, परत ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“महिना संपायला अजून आठवडा आहे,” त्या म्हणाल्या. “बघा काय होतंय. नाहीतर सोमवारपासून पॅकिंग.”

दिवसभर तो डब्याभोवती फिरला. डबा चालू केला की चालायचा. ऑफिसात संगणक चालू, इकडे डबा चालू, सगळं गोडीगुलाबीने. मग काल काय झालं होतं? डब्याला ऊन लागलं असेल, असं म्हणावं तर डबा आत होता.

संध्याकाळी घरी त्याने बटाटे उकडायला ठेवले आणि ताईला फोन लावला. हा त्या दिवसाचा पहिला फोन नव्हता. सकाळी मीठ कुठे ते विचारून झालं होतं, दुपारी कपडे धुवायच्या यंत्राचं कुठलं बटण ते.

“ताई, बटाटे शिजले हे कसं ओळखायचं?”

“सुरी खुपसून बघ.”

“किती खोल?”

मग ताईचा आवाज आला, हळू, कारण बाळ झोपलं असावं. “काय रे, तू तिकडे एकटा राहतोयस असं सगळ्यांना सांगत सुटलायस ना?”

“मग? राहतोच आहे.”

“कुठला राहतोयस! तुझं घर मी इथे बसून चालवतेय. मीठ मी, यंत्र मी, काल ती किल्ली मी. तू नुसता मध्ये उभा. बाळाला खाली ठेवते न ठेवते तोच तुझी घंटा. उद्या माझा फोन बंद पडला तर काय करशील?”

“काय करणार, वाट बघेन.”

“सुरी हातात घेऊन?”

“बहुतेक.”

ताई हसली. तोही हसला. फोन ठेवला, आणि मग तो सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. हसू गालावरच गोठलं. उत्तराची वाट बघत आहे. काल संध्याकाळी दिवा बंद, पंखा बंद, खिडकी लावली, आणि संगणक? तो कुणी बंद केला होता? उंदराने?

बटाटे फुटून पाण्यात विरघळले. ते त्याने चमच्याने खाल्ले.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचला. कंपायलरच्या सेटिंगमध्ये एक खूण होती, ‘सूचना दाखवू नका’. ती त्याने स्वतःच कधीतरी केली होती. सूचना पिवळ्या रंगात येतात, पानाची शोभा घालवतात, आणि सूचना नवशिक्यांसाठी असतात. ती खूण त्याने काढली, प्रोग्राम पुन्हा कंपायलरला दिला, आणि पडदा मोहरीच्या शेतासारखा पिवळा झाला.

‘हे फंक्शन कंपाइल होत नाही. त्यासाठी मूळ सॉफ्टवेअरला विचारलं जाईल.’ पहिल्या ओळीला हे, दुसऱ्या ओळीला हेच, तिसरीला, चौथीलाही. कंपायलर बिचारा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. यानेच त्याच्या तोंडाला फडकं बांधलं होतं. चारपैकी एकही हत्ती डब्यात शिरला नव्हता. डब्यात गेला होता तो नुसता निरोप्या. तारेवरून ऑफिसात धावायचं, मोठ्या सॉफ्टवेअरला विचारायचं, उत्तर घेऊन परत यायचं, आणि भट्टीपुढे छाती काढून सांगायचं, जसं काही आपणच काढलं.

हा डबा ओळखीचा वाटला त्याला. रोज सकाळी आरशात दिसणारा.

मग त्याने मदतीची पानं उघडली. कंपायलरला कोणकोणती फंक्शनं जमतात त्याची यादी तिथे होती, इतकी वर्षं होती. निकालाच्या कागदावर आपल्या पोराचा नंबर शोधावा तसा तो पडद्यावर बोट ठेवून खाली खाली गेला. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. वर्गमूळ. घातांक आणि लॉगॅरिदम. साइन, कोसाइन आणि त्यांचं सगळं गोत. लहान कोण, मोठं कोण. असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. हेच पुन्हा पुन्हा कर, मी थांब म्हणेपर्यंत. आकड्यांच्या रांगा, रांगांची बेरीज, रांग क्रमाने लावणं. क्रमाने लावणंही जमतं, हे वाचून तो थबकला. त्याला स्वतःला ते जमत नव्हतं. पायात त्या दिवशी एक मोजा तपकिरी होता.

आणि समीकरण सोडवणारं फंक्शन? नाही. गुळगुळीत रेघ काढणारं? नाही. अक्षरांतल्या गणिताची, चिन्हांची करामत? कशाचंच नाव नाही. त्याच्या चारही ओळींचे मानकरी यादीत कुठेच नव्हते. यादी साध्या, राबणाऱ्या लोकांची होती. प्रत्येकाला एकच काम येतं, पण ते कुणाला न विचारता येतं.

तो खुर्चीत मागे टेकला. मालकीणबाईंना सांगावं का, जमत नाही म्हणून? पेंढ्याचा वास नाकात आला. त्याने बाह्या सरसावल्या, मग लक्षात आलं की शर्ट अर्ध्या बाह्यांचा आहे.

समीकरण सोडवायचं कसं, हे त्याला आधी आठवावं लागलं. इतकी वर्षं तो नुसतं ‘सोडव’ म्हणत आला होता. मग हळूहळू सुचत गेलं, जसं अंधारात पाय चाचपडत जिना सापडतो. एक आकडा धर. जास्त झाला? एक कमी आकडा धर. कमी झाला? मग दोघांच्या मध्ये ये. आता जास्त की कमी? पुन्हा मध्ये. प्रत्येक वेळी अंतर निम्मं, आणि शेवटी दोघं इतके जवळ येतात की त्यांच्यात भांडायला जागाच उरत नाही. इथे सोडवायला हत्ती लागत नव्हता. लहानमोठं ओळखणारं, अर्धं करणारं आणि न कंटाळणारं कुणीतरी लागत होतं. तिघंही यादीत होते.

गुळगुळीत रेघेच्या जागी त्याने बिंदूपासून बिंदूपर्यंत सरळ काठ्या टाकल्या. ताणाच्या बेरजेसाठी अख्ख्या काळाचे पातळ काप केले आणि एकेक काप मोजत गेला. एका ओळीच्या वीस झाल्या, विसाच्या साठ. लिहिलेलं बघून त्याला लाज वाटायची. शाळेतल्या पोराची वही दिसत होती, समास न सोडलेली. पण दर खेपेला पिवळं थोडं कमी व्हायचं.

शेवटी एकच पिवळी सूचना उरली. डब्याच्या नोंदीवर तारीख-वार सुंदर अक्षरांत उमटावा म्हणून त्याने या खेपेला एक फंक्शन नव्याने घातलं होतं. तेवढ्यासाठी डबा ऑफिसला विचारणार होता. एवढंसंच तर आहे, त्याने काय होतंय, असं तो मनाशी म्हणाला. आणि त्याला मीठ आठवलं. तेही एवढंसंच होतं. त्याने ती ओळ पुसली. पडदा पांढराशुभ्र झाला.

शुक्रवारी नवा घाणा भट्टीत गेला. ऑफिसचा संगणक त्याने आधीच बंद करून टाकला होता. भट्टीपाशी मालकीणबाई लांब उभ्या होत्या, फोरमनबाई जवळ.

“तार काढू?” फोरमनबाईंनी विचारलं.

“मी काढतो.”

तार निघाली. डब्याचा छोटा दिवा लुकलुकला. मग आकडा बदलला. एक अंश खाली. जरा वेळाने आणखी एक. हातातल्या तारेचं काय करावं ते त्याला सुचेना. तिचं सुटं टोक त्याने खिशात कोंबलं आणि दोन पावलं मागे सरकला, तर मागून तार ताणली गेली, आणि तो स्वतःच बांधलेल्या वासरासारखा अडकला.

“शोभेला बरी आहे,” फोरमनबाई म्हणाल्या, आणि ऑफिसकडचं टोक जाऊन सोडवून आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी बरण्या निघाल्या. आवाज नव्हता. पण आवाज नाही म्हणजे ताण नाही, असं नसतं. फोरमनबाईंकडे दोन काळसर भिंगं होती. दोन्हींच्या मध्ये बरणी धरली की कोंडलेला ताण रंगांत दिसतो, पाण्यावर सांडलेल्या तेलासारखा. त्यांनी पहिली बरणी धरली. तो त्यांच्या खांद्यामागून बघायचा प्रयत्न करत होता. त्यांचा खांदा उंच होता.

“रंग?”

“राखाडी.”

दुसरी राखाडी. तिसरी राखाडी. असं राखाडी त्याने जन्मात सुंदर मानलं नव्हतं. एका बरणीच्या गळ्यापाशी मात्र निळसर झाक निघाली आणि त्याचं तोंड उतरलं.

“हे चालतं,” फोरमनबाई म्हणाल्या. “तुमच्या चार ओळींच्या वेळीही एवढं यायचंच.”

“कधी बोलला नाहीत!”

“रुसला असतात.”

मालकीणबाईंनी एक बरणी हातात घेतली, तळावर टिचकी मारली. स्वच्छ आवाज घुमला. “पॅकिंगवाल्यांना सांगते, माणूस मिळत नाही म्हणून,” त्या म्हणाल्या. “सोमवारी नवा साचा येतोय. तळ याहून जाड आहे. त्याचं बघा.” आणि जाता जाता वळून, “आता किती ओळी झाल्या?”

“दोनशेच्या वर.”

“मग कुणाला दाखवू नका.”

त्या संध्याकाळी घरी त्याने चहा ठेवला. उकळी येत होती तेवढ्यात फोन वाजला. ताईच होती.

“आज दिवसभर तुझा फोन नाही. बरा आहेस ना?”

“बरा आहे. डबा चालला, ताई. तार काढून.”

“कसला डबा?”

“सांगेन सावकाश. बाळ कसं आहे?”

“गोड आहे. अरे,” ताई जरा अडखळली, “ही म्हणतेय अजून थोडे दिवस राहा. मी म्हटलं, त्याला विचारते. तिकडे तुझं...”

चहा वर आला होता. त्याने गॅस बंद केला, एका हाताने फडताळ धुंडाळलं, मग खण, मग भांड्यांच्या मागे. गाळणी कुठेच नव्हती. प्रश्न अगदी जिभेच्या टोकावर येऊन बसला. ताईला माहीत असणार. ती डोळे मिटून सांगेल, डावीकडे, तिसऱ्या खिळ्याला.

“राहा तू,” तो म्हणाला. “हवं तितकं राहा.”

“नक्की ना?”

“नक्की. ठेवतो आता, चहा निवतोय.”

फोन ठेवून त्याने उरलेल्या दोन फळ्या शोधल्या. नाहीच. मग खिशातून धुतलेला रुमाल काढला, कपावर पसरला, आणि चहा बेताने ओतला. एक कोपरा कपात पडला. चहाला साबणाचा वास येत होता. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्याला, आणि रुमालावरचे डाग कशाने जातात हेही कुणाला विचारलं नाही.